तामेओच्या वाट्याचं रान

ओमोदानी वाडीत कोण किती पाण्यात आहे हे बघायचं असेल तर त्याच्या घरात डोकावू नये, असं हिसानोचं ठाम मत होतं. घर काय, पाहुणे येणार म्हटलं की कोणीही झाडून घेतं. माणसाचं रान बघावं. रोपाच्या बुंध्याशी तण किती, वेल कुठवर चढलाय, नेचे गुडघ्याला लागतात की कमरेला, एवढं पाहिलं की त्या माणसाने आयुष्यात काय दिवे लावले ते कळतं. आणि या मापाने ओमोदानीत हिसानो सोडून एकही माणूस धड नव्हता.

वाडीप्रमुख कुनिहारु तणाची बेणणी करायचा, पण रस्त्याकडच्या अंगाची. वर, जिथे कुणाची नजर पोचत नाही, तिथलं गवत जसंच्या तसं. शेजारची मियोको गवताबरोबर रोपंच छाटायची आणि छाटलेलं रोप गवताच्या ढिगाखाली सरकवून द्यायची, जसं काही चार दिवसांनी ते वाळून लाल झाल्यावर साऱ्या डोंगराला दिसणार नव्हतं. आणि धाकटा दीर तामेओ? त्याच्याबद्दल बोलायलाच नको, असं म्हणून हिसानो त्याच्याबद्दल रोज बोलायची.

तामेओ पासष्टीचा, एकटा, लग्नाच्या भानगडीत न पडलेला. "भानगडीत पडायला आधी उठावं लागतं," हे हिसानोचं स्पष्टीकरण. उन्हाळाभर तो ओसरीवर आडवा पडून रेडिओवर बेसबॉलचे सामने ऐकायचा. सामना नसेल तेव्हा नुसताच आडवा पडायचा. त्याच्या दारातल्या लिंबासारख्या यूझूच्या झाडाची फळंसुद्धा पिकून आपोआप खाली पडेपर्यंत तिथेच असायची.

रान वाडीचं सामायिक, पण घरटी वाटून दिलेलं. जुनी झाडं तोडून झाली तेव्हा उतार उघडाबोडका झाला आणि ज्याने त्याने आपापल्या वाट्यात हिनोकीची, सरळ वाढणाऱ्या इमारती झाडाची, रोपं लावली. हिसानोचा नवरा इवाओ कंबरदुखीने वाकलेला, तरी त्याने आपला वाटा तर लावलाच, वर भावाचाही लावला. तामेओने त्या दिवशी वर काय नेलं, तर डबा. पहिल्या उन्हाळ्यात इवाओने दोन्ही वाटे बेणले, आणि त्याच हिवाळ्यात तो गेला. त्याच्या हातची शेवटची कामं म्हणजे हे दोन वाटे. एक हिसानोकडे राहिला, दुसरा त्या लोळणाऱ्याकडे.

हिनोकीचं पोरासारखं असतं. पहिली काही वर्षं जपलं तर पुढे कुणाची गरज नाही. झाडांचे माथे एकदा एकमेकांना भिडले की खाली काळोख होतो आणि त्या काळोखात तण आपोआप मरतं. तोवर मात्र दर उन्हाळ्यात लांब दांड्याचा विळा घेऊन उन्हात, गांधीलमाश्यांत उतरावं लागतं. हिसानो सत्तरी ओलांडूनही उतरत होती. तिच्या वाट्यात रोपाशिवाय हिरवं काही दिसत नसे. तामेओच्या वाट्यात रोपं सोडून सगळं होतं. धारदार गवत, कमरेएवढे नेचे, आणि रानबेरीच्या काटेरी जाळ्या अशा माजलेल्या की कुत्रंसुद्धा आत शिरेना. इवाओची रोपं त्यात कुठेतरी घुसमटून मरत होती. हिसानोच्या जिवाला ते लागलं होतं. तिला तो वाटा हवा होता, आणि तो मिळवायचा रस्ताही तिला माहीत होता.

ओबोनला पितर घरी येतात. डोंगरावरून येतात, म्हणून त्याच्या आठवडाभर आधी सगळी वाडी मिळून डोंगरापासून दारापर्यंतच्या पायवाटा साफ करते. वाडीचा एक जुना नियम होता: पितरांच्या वाटेच्या या दिवसापर्यंत ज्याचं रान बेणलेलं नसेल, त्याचा वाटा लगतच्या वाटेकऱ्याला द्यायचा, आणि त्याच दिवशी सगळ्यांनी मिळून तो साफ करून द्यायचा. नियम एवढा जुना की बहुतेकांना तो गंमतीपुरताच आठवत होता. हिसानोने तो जुलैच्या बैठकीत काढला.

"हिसानोताई, घरातल्या घरात कशाला?" कुनिहारु म्हणाला. "तामेओ करेल की."

"करेल? भावोजींनी आजवर काय केलंय ते एकाने सांगावं, मी आत्ता उठून जाते."

तामेओ चटईच्या कडेचा दोरा ओढत बसला होता.

"आमच्या ह्यांना डोंगरावरून घरी यायची वाट भावोजींच्या रानावरून आहे," हिसानो म्हणाली. "दरवर्षी काट्यात अडकतात बिचारे. सगळ्यांचे पितर जेवून हात धुतात तेव्हा माझा नवरा दारात पोचतो, आणि तोही ओरबाडलेला."

सगळे हसले. मियोको तर तोंडाला पदराऐवजी टॉवेल लावून हसली. तामेओही थोडा हसला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की हसण्यासारखं काही नाही. नियम लागू झाला. दिवस ठरला.

हरणांचा विषय वसंतात निघाला होता. पलीकडच्या खोऱ्यात हरणं फार झालीत, खिंड ओलांडून इकडे येतील, रोपांभोवती कुंपणाची जाळी लावू या, असं कुनिहारु म्हणाला होता. हिसानोने त्याला तिथल्या तिथे झोपवलं होतं. "हरणं आळशांच्या रानात येतात. लपायला झाडी मिळते म्हणून. माझ्या स्वच्छ रानात ती काय माझं तोंड बघायला येणार?" हिसानोशी वाद घालण्यापेक्षा हरणं परवडली, असं म्हणून लोकांनी विषय सोडून दिला.

पितरांच्या वाटेच्या दोन दिवस आधी, दुपार कलल्यावर, हिसानो आपल्या वाट्यात गेली. तिचा वाटा तामेओच्या बांधापलीकडे, उताराच्या वळणावर होता. तिथे सहसा कोणी जात नसे, कारण जाणाऱ्याला ती बेणणी कशी करावी यावर उपदेश करायची. मधले पाच-सहा दिवस पावसाची झड होती म्हणून तीही वर फिरकली नव्हती.

आधी तिला वाटलं, ऊन डोळ्यांवर येतंय. रोपं ठेंगणी दिसत होती. जवळ गेली तर शेंडे नव्हते. एकाचा नाही, ओळीने कुणाचाच नाही. खालच्या फांद्यांची पानं ओरबाडून नेलेली, सालीचे पट्टे लोंबत होते, आतलं पांढरं लाकूड उघडं. आणि सगळीकडे काळ्या लेंड्या. पंगतीला पान वाढून ठेवावं तसं हिसानोने ते रान मांडून ठेवलं होतं. ना काटा, ना गवत, ना तोंडाला लागणारा एक नेचा. हरणांनी आरामात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जेवण केलं होतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हिसानो खाली बसली. तिला रडू आलं नाही, संताप आला. हरणांचा आला, पावसाचा आला, कुनिहारुचा आला, कारण तो बरोबर निघाला होता आणि त्या माणसाने बरोबर निघावं हा तिला अपमान वाटत होता. मग बऱ्याच वेळाने तिला इवाओ आठवला. एका हाताने कंबर धरून दुसऱ्या हाताने कुदळ मारणारा. तेव्हा मात्र तिला रडू आलं. कोणी बघत नाही ना याची खात्री करून ती रडली.

उठली तेव्हा तिची पावलं बांधापलीकडे वळली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने रानबेरीच्या जाळीत हात घातला, मग खांदा, मग स्वतःला. काट्यांनी बाह्या फाडल्या, गवताने गाल कापला. विळा हातात होता, पण तिने तो चालवला नाही. वाकून, सरपटत ती आत गेली, आणि नेच्यांच्या आड तिला पहिलं हिनोकी दिसलं.

काटकुळं होतं. उजेडासाठी धडपडून नुसतंच उंच झालेलं, हाडकुळ्या पोरासारखं. पण शेंडा होता. कोवळा, पोपटी, कुणी तोंड न लावलेला. मुळाशी वरच्या अंगाला चपटा दगड होता. माती घसरून रोप गाडलं जाऊ नये म्हणून इवाओ प्रत्येक रोपाला असा दगड लावायचा. वाडीत दुसरं कोणी लावत नसे. पुढे दुसरं रोप, तिसरं, ओळच्या ओळ. दोन-चार मेलेली, बाकी सगळी जिवंत. बाहेरच्या कडेला हरणांनी जाळी तुडवायचा प्रयत्न केलेला दिसत होता. काट्यांपुढे त्यांचं काही चाललं नव्हतं.

म्हणजे त्या लोळणाऱ्याने इवाओची झाडं वाचवली होती. आणि त्यातही त्याची काही अक्कल असती तर हिसानोने कपाळाला हात लावून मान्य केलं असतं. पण त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. ओसरीवर कूस बदलता बदलता त्याच्या हातून पुण्य घडलं होतं. चार उन्हाळे घाम गाळला तिने, आणि झाडं वाढली त्याची! हिसानोला या अन्यायाने जास्त जाळलं की दुःखाने, सांगणं कठीण होतं.

पण एक गोष्ट तिला लख्ख कळली. परवा सगळी वाडी विळे आणि गवत कापायची मशीनं घेऊन इथे येणार होती, तिच्याच सांगण्यावरून. काटेरी जाळी निघाली की आठवडाभरात इथेही लेंड्याच उरणार.

सरळ मार्ग होता. खाली जायचं आणि सांगायचं: माझं रान हरणांनी खाल्लं, तामेओच्या रानाला हात लावू नका. एवढंच. हिसानो उतरता उतरता ते वाक्य मनात म्हणून बघत होती, आणि दर वेळी तिला मियोकोचा टॉवेलमागचा चेहरा दिसत होता. घरी पोचेपर्यंत तिने दुसरा मार्ग काढला. वाटा तर तिला मिळणारच होता. लोक जमले की म्हणायचं, तुमची बेणणी मला पसंत नाही, तुम्ही रोपं कापाल, माझं मी एकटी करीन, जा घरी. कुणालाही नवल वाटलं नसतं. आयुष्यभर सगळ्यांना नावं ठेवली त्याचा हा एवढा तरी फायदा! मग तो वाटा आहे तसा ठेवायचा, आणि आपल्या रानाचं हळूहळू, ओबोन झाल्यावर, योग्य शब्दांत सांगायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तामेओ दारात उभा. एवढ्या सकाळी त्याला उभा पाहून हिसानोला आधी वाटलं कुणी गेलं.

"वहिनी, धार लावायचा दगड मिळेल का?"

"दगड? उशाला हवाय?"

तामेओ कानापर्यंत लाल झाला. "नाही, म्हणजे… धार लावायला."

"कशाला? मासे कापायला? मासा पकडायला नदीवर जावं लागतं, भावोजी. तो ओसरीवर येत नाही."

"वहिनी, मी काय म्हणत होतो, उद्याचं…"

"उद्याचं ठरलंय. आता त्यात बदल नाही." तिने दगड ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात आपटला. "परत आणून द्या. तुमच्याकडे गेलेली वस्तू परत येत नाही."

त्याने दादाच्या जुन्या कोटाकडे बघितलं, तो अजून खुंटीला होता. मग मान लववून गेला. हिसानोच्या जिभेवर ते वाक्य आलं होतं, अगदी दातांपाशी. पण ह्या माणसाला? ज्याने रोपं लावायच्या दिवशी डबा नेला त्याला? तिने दार लावून घेतलं आणि उद्याच्या भाताच्या गोळ्यांसाठी तांदूळ धुवायला बसली. सगळ्यांना परत पाठवायचं होतं, तरी उपाशी पाठवून नाव कशाला घालवायचं?

पितरांच्या वाटेच्या दिवशी सकाळी पायवाटा साफ झाल्या. जवाचा गार चहा झाला. मग सगळे वर निघाले, खांद्यावर विळे, दोघांच्या पाठीला मशीनं. हिसानो पुढे. बोलायचं वाक्य तिने पाठ केलं होतं, आणि ते इतकं कडू होतं की तिला थोडं बरंही वाटत होतं.

पायवाटेच्या शेवटच्या वळणावर ती थांबली. मागचे तिच्या पाठीवर आदळले.

तामेओचं रान मोकळं होतं. रानबेरीच्या जाळ्या कापून उताराच्या कडेला रचलेल्या, गवत आडवं पडलेलं, नेच्यांचे ढीग उन्हात कोमेजत होते. आणि मोकळ्या उतारावर ओळीने, एकूण एक, हिनोकीची रोपं उभी. प्रत्येकाच्या शेंड्याखाली निळ्या-पांढऱ्या कापडाची चिंधी बांधलेली. मध्ये तामेओ बसला होता. हातांना फडकी गुंडाळलेली, गांधीलमाश्यांनी तोंड सुजलेलं, कपडे घामाने आणि मातीने एकरंगी झालेले.

"आई गं," मियोको म्हणाली. "ही तर गादीची खोळ आहे!"

"कापताना रोप विळ्याखाली येऊ नये म्हणून," तामेओ म्हणाला. "आधी सरपटत जाऊन सगळ्यांना चिंध्या बांधल्या. मग कापलं. काल सबंध दिवस, आणि आज उजाडल्यापासून. मशीन आणलं नाही. वहिनींना आवाज ऐकू आला असता." त्याने हिसानोकडे पाहिलं. "एकही तोडलं नाही, वहिनी. मोजून घ्या हवं तर. दादा यंदा वेळेवर पोचेल."

कुणीतरी टाळी वाजवली. कुनिहारुने टोपी काढून डोकं खाजवलं. "वाटा तामेओचाच राहिला म्हणायचा. नियम म्हणजे नियम. बोला हिसानोताई, काही उणं निघतंय का? तुमच्या रानाच्या तोडीस तोड झालंय."

उणं काहीच नव्हतं. चपटे दगडसुद्धा त्याने हलवले नव्हते. पोपटी शेंडे वाऱ्यावर डोलत होते, खालच्या वाडीतून दिसतील इतके उघडे. हिसानोने तोंड उघडलं. पाठ केलेलं वाक्य आता कुठल्याच कामाचं नव्हतं.

"माझं रान हरणांनी खाल्लं," ती म्हणाली.

"काय?"

"सगळं. एक शेंडा राहिला नाही. जाऊन बघा."

दोघं-तिघं वळणापलीकडे धावले. त्यांचे आवाज आले, मग थांबले. परत आले तेव्हा मियोकोच्या तोंडावर टॉवेल नव्हता, आणि ती हसतही नव्हती. हिसानोने त्या हसण्याची धास्ती घेतली होती. ते आलंच नाही, याचा तिला जास्त त्रास झाला.

"जाळी मागवू," कुनिहारु म्हणाला. "ओबोन झाला की लगेच. त्याआधी काही माल यायचा नाही."

बैल गेला नि झोपा केला, असं एरवी हिसानोनेच म्हटलं असतं. आज सगळे त्या उघड्या ओळींकडे बघत होते.

तामेओ बसल्या जागेवरून कडेच्या काटेरी ढिगाकडे बघत होता. त्याला गोष्टी सावकाश कळायच्या, पण कळायच्या.

"म्हणजे या काट्यांमुळे…"

"हो," हिसानो म्हणाली.

"आणि तुमचं रान खाल्लेलं तुम्ही कधी पाहिलंत?"

"परवा."

"परवा." त्याने फडकी गुंडाळलेल्या हातांकडे पाहिलं. "मग काल मी दगड न्यायला आलो तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

सगळी वाडी ऐकत होती. हिसानोकडे या माणसासाठी चाळीस वर्षं उत्तरांचा तुटवडा पडला नव्हता.

"होतं," ती म्हणाली.

"मग एक शब्द सांगायचा ना, वहिनी," तामेओ म्हणाला. "मी झोपून राहिलो असतो."

तो हे चिडून बोलला असता, टोमणा मारून बोलला असता, तर हिसानोला पेलवलं असतं. पण तो खरं तेच सांगत होता.